लेकीसाठी ‘गुड अर्थ’ लिहिली, नोबेल मिळवलं. पण लेकीचा आजार रोजच्या दुधाशी जोडलेला होता हे कळायला चाळीस वर्षं गेली

कोल्हापुरात पोराची तब्येत जरा उतरलेली दिसली की घरातल्या थोरामोठ्यांचा सल्ला ठरलेला असतो. दूध वाढवा. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीचं ताजं धारोष्ण दूध प्यायची इथली जुनी सवय. तालमीतल्या पैलवानाला दूध-बदाम, रविवारी घरात तांबडा-पांढरा, रोजच्या भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी. खाल्लं की अंगाला लागतं, हे इथलं साधं गणित.

हे गणित जवळपास सगळ्यांना लागू पडतं. पण काही मोजकी बाळं अशी जन्माला येतात, ज्यांच्या मेंदूवर तोच दुधाचा पेला घाला घालतो. आणि खरा पेच पुढेच आहे. त्याच बाळाचं प्रथिन पूर्ण तोडलं तर त्याची वाढ खुंटते. म्हणजे दिलं तर मेंदू जातो, नाही दिलं तर शरीर झिजतं.

या आजाराचं नाव फिनाइलकीटोन्युरिया, थोडक्यात पीकेयू. डॉक्टरांना हा आजार ठाऊक होण्याच्या आधीच एका आईच्या घरात तो येऊन बसला होता. त्या आईचं नाव पर्ल बक. साहित्याचं नोबेल मिळवणारी पहिली अमेरिकन स्त्री. आपल्याकडे त्यांची आणखी एक ओळख आहे. देव आनंदच्या ‘गाईड’ची जी इंग्रजी आवृत्ती निघाली, तिची पटकथा लिहिण्यात पर्ल बक होत्या.

त्यांची पुस्तकं, त्यांची कीर्ती, त्यांचा पैसा या सगळ्याच्या मुळाशी एक मुलगी होती. तिचं नाव कॅरल.

चीनमध्ये वाढलेली अमेरिकन मुलगी

पर्ल यांचा जन्म २६ जून १८९२ रोजी अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात झाला. आईवडील ख्रिस्ती मिशनरी. पर्ल काही महिन्यांच्या असतानाच हे कुटुंब चीनला गेलं आणि यांगत्से नदीकाठच्या चेनच्यांग शहरात त्यांचं बालपण गेलं. इंग्रजीबरोबरच चिनी भाषा त्या लहानपणीच बोलायला शिकल्या. कॉलेजसाठी त्या अमेरिकेला गेल्या, १९१४ मध्ये पदवी घेतली आणि पुन्हा चीनला परतल्या.

१९१७ मध्ये त्यांचं लग्न जॉन लॉसिंग बक यांच्याशी झालं. ते शेतीच्या अर्थशास्त्राचे अभ्यासक. नवऱ्याबरोबर त्या उत्तर आन्हुईच्या गरीब, दुष्काळी भागात राहिल्या. तिथल्या शेतकऱ्यांचं जगणं, जमिनीवरचं त्यांचं प्रेम आणि पोटाची आग त्यांनी जवळून पाहिली. पुढे हेच सगळं ‘गुड अर्थ’मध्ये उतरलं.

४ मार्च १९२० रोजी कॅरलचा जन्म झाला. बाळ गोरंपान, देखणं, निळ्या डोळ्यांचं. बाळंतपणानंतर पर्ल यांच्या गर्भाशयात गाठ असल्याचं कळलं आणि शस्त्रक्रिया करावी लागली. त्यानंतर त्यांना मूल होणार नव्हतं. त्यामुळे सगळा जीव या एकाच लेकीत.

बाळ वाढत होतं, पण काहीतरी चुकत होतं

पहिले काही महिने कुणालाच शंका आली नाही. पीकेयूचं हेच तर फसवं रूप. जन्मताना बाळ अगदी ठणठणीत दिसतं. आईच्या पोटात असताना बाळाच्या रक्तातला जादा भार आईचं शरीर उचलत असतं. जन्मानंतर बाळ दूध प्यायला लागतं, आणि तिथून नुकसान सुरू होतं.

कॅरलच्या अंगावर खरूज उठल्यासारखा इसब यायचा. तिच्या अंगाला एक कुबट वास यायचा. बरोबरीची मुलं बोलायला लागली, ती बोलेना. अंगानं ती वाढत होती, पण समज वाढत नव्हती. तीन-चार वर्षांची होईपर्यंत पर्ल यांना कळून चुकलं की हे नुसतं उशिरा बोलणं नाही.

मग सुरू झाली डॉक्टरांची वारी. चीनमधले डॉक्टर झाले, अमेरिकेतले झाले. जो कुणी नाव सुचवेल तिथं त्या लेकीला घेऊन गेल्या. शेवटी अमेरिकेतल्या प्रसिद्ध मेयो क्लिनिकमध्ये तपासण्या झाल्या. कारण कुणालाच सांगता आलं नाही. पण तिथल्या एका डॉक्टरनं त्यांना स्पष्ट सांगितलं की ही मुलगी कधीच बरी होणार नाही, खोट्या आशेवर स्वतःचं आयुष्य जाळू नका. ते शब्द कठोर होते. पण खरं सांगणारा तो पहिला माणूस होता, असं पर्ल यांना पुढे वाटत राहिलं.

घरात मात्र एकटेपण होतं. नवरा कामात बुडालेला. आईच्या मनात एकच प्रश्न. माझं काय चुकलं? गरोदरपणी काही खाल्लं का? बाळंतपणात काही झालं का? आजही आपल्याकडे असं मूल जन्मलं की पहिलं बोट आईकडेच जातं. पर्ल यांची तर उत्तर मिळण्याची शक्यताच नव्हती, कारण तेव्हा जगात कुणाकडेच ते उत्तर नव्हतं.

कादंबरी लिहिली ती पैशासाठी

१९२७ मध्ये नानचिंगमध्ये परदेशी लोकांवर हल्ले झाले. बक कुटुंब एका गरीब चिनी शेजारणीच्या झोपडीत लपून वाचलं. सात वर्षांची कॅरल बरोबर होतीच, शिवाय १९२५ मध्ये दत्तक घेतलेली धाकटी जॅनिसही होती. जीव वाचला, पण पर्ल यांना एक गोष्ट लख्ख कळली. आपण गेलो तर या मुलीला कोण बघणार?

१९२९ मध्ये त्यांनी मन घट्ट करून कॅरलला अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातल्या व्हाइनलँड ट्रेनिंग स्कूलमध्ये ठेवलं. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठीची ही त्या काळातली नावाजलेली संस्था. नऊ वर्षांच्या लेकीला तिथं सोडून त्या चीनला परतल्या. संस्थेचा खर्च मोठा होता आणि नवऱ्याच्या पगारात तो आयुष्यभर निभावण्यासारखा नव्हता.

मग त्या लिहायला बसल्या. नानचिंगच्या घराच्या माळ्यावर, काही महिन्यांतच ‘गुड अर्थ’ तयार झाली. १९३१ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि अमेरिकेत त्या वर्षीची आणि पुढच्याही वर्षीची सर्वाधिक खपाची कादंबरी ठरली. १९३२ मध्ये पुलित्झर मिळालं, १९३८ मध्ये नोबेल. कॅरलच्या आयुष्यभराच्या सांभाळाची सोय झाली.

कादंबरी ज्यांनी वाचली आहे त्यांना वांग लुंग या शेतकऱ्याची थोरली मुलगी आठवेल. दुष्काळात अन्नावाचून वाढलेली ही मुलगी पुढे कधीच बोलत नाही, नुसती हसत उन्हात बसून राहते. बाप मात्र तिला शेवटपर्यंत जपतो. ही मुलगी म्हणजे कॅरलच. वाचणाऱ्याला वाटतं, लहानपणी उपासमार झाली म्हणून मेंदू वाढला नाही.

खऱ्या आयुष्यात नेमकं उलटं घडलं होतं. कॅरल कधीच उपाशी नव्हती. तिला चांगलं दूध, चांगलं अन्न मिळत होतं. आणि तेच तिला बाधत होतं.

नॉर्वेमधल्या दुसऱ्या आईचा हट्ट

पर्ल अमेरिकेत कायमच्या आल्या ते वर्ष १९३४. त्याच वर्षी नॉर्वेमध्ये एका डॉक्टरनं या आजाराचं कोडं सोडवलं. त्यांचं नाव आस्ब्यॉर्न फोलिंग. ते डॉक्टर होते आणि रसायनशास्त्रही शिकलेले होते.

त्यांच्याकडे एक आई आली, बोर्गनी एगेलांद. तिची दोन्ही मुलं, लिव्ह आणि डाग, कॅरलसारखीच होती. मुलांच्या अंगाला वास का येतो, हा प्रश्न घेऊन ती दारोदार फिरली होती. फोलिंग यांनी मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकलं. लघवी हिरवी झाली. असा रंग त्यांनी कधी पाहिला नव्हता. आईकडून पुन्हा पुन्हा नमुने मागवून त्यांनी त्यातला पदार्थ वेगळा केला. तो होता फिनाइलपायरुव्हिक ॲसिड.

आता हे नेमकं काय आहे ते समजून घेऊ.

दूध, डाळ, मांस, अंडी यांतलं प्रथिन पोटात गेलं की त्याचे छोटे तुकडे होतात. त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. त्यातलं एक म्हणजे फिनाइलॲलनिन. शरीर त्यातलं हवं तेवढं वापरतं आणि उरलेलं यकृतातलं एक विकर बदलून दुसऱ्या अमिनो आम्लात, म्हणजे टायरोसिनमध्ये रूपांतरित करतं. पीकेयू असलेल्या बाळात हे विकर काम करत नाही.

साखर कारखान्याचं गाळप बंद पडलं आणि उसाच्या ट्रॉल्या मात्र येतच राहिल्या, तर रस्त्यावर जी रांग लागते, तसंच इथं होतं. फिनाइलॲलनिन रक्तात साचत जातं, मेंदूपर्यंत पोहोचतं आणि वाढत्या मेंदूला इजा करतं. पुढे माल निघत नाही म्हणून टायरोसिन कमी पडतं. त्याच्यापासून रंगद्रव्य तयार होतं, त्यामुळे अशा मुलांचे केस आणि त्वचा घरातल्या इतरांपेक्षा फिकी दिसते. कॅरलचा इसब, तो कुबट वास, तिचा गोरेपणा, सगळ्याचं उत्तर या एका बंद पडलेल्या विकरात होतं.

फोलिंग यांचा शोध लागला तेव्हा कॅरल चौदा वर्षांची होती. पण शोध लागला म्हणजे उपाय सापडला असं नव्हतं.

आहार सापडला, पण पहिल्याच फटक्यात धडा मिळाला

उपाय सापडायला आणखी जवळपास वीस वर्षं गेली. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या मुलांच्या हॉस्पिटलमध्ये हॉर्स्ट बिकेल हे जर्मन डॉक्टर काम करत होते. त्यांच्याकडे शीला जोन्स नावाची लहान मुलगी आली. तिची आई रोज येऊन एकच विचारायची. आजार कळला, आता उपचार काय?

बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती केली. दुधातल्या प्रथिनाचे रासायनिक प्रक्रियेनं तुकडे करायचे आणि ते मिश्रण कोळशातून गाळायचं. कोळशात फिनाइलॲलनिन अडकतं, बाकीचं खाली उतरतं. हेच मिश्रण शीलाला अन्न म्हणून सुरू केलं.

सुरुवातीला आहारात फिनाइलॲलनिन जवळपास शून्य होतं. रक्तातलं प्रमाण उतरलं. पण मग शीलाचं वजन घटायला लागलं आणि विचित्र म्हणजे रक्तातलं फिनाइलॲलनिन पुन्हा वर चढलं. बाहेरून काहीच येत नाही म्हटल्यावर शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खात होतं. डॉक्टरांनी मोजून थोडं दूध परत सुरू केलं. मग वजन सावरलं आणि रक्तही आटोक्यात आलं. शीला रांगायला, उभी राहायला लागली, आजूबाजूला बघायला लागली.

या आजाराच्या आहाराचा सगळा अर्थ या एका प्रसंगात आहे. फिनाइलॲलनिन विष नाही. ते शरीराला लागतंच, आणि शरीर ते स्वतः बनवू शकत नाही. जास्त झालं तर मेंदूची वाढ थांबते, कमी झालं तर शरीराची. मधली वाट अरुंद आहे आणि ती प्रत्येक मुलासाठी वेगळी आहे.

हा धडा सगळीकडे लगेच पोहोचला नाही. सुरुवातीच्या काळात काही मुलांचा आहार इतका कडक ठेवला गेला की त्यांचं कुपोषण झालं.

बिकेल यांचे निष्कर्ष १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले. कॅरल तेव्हा तेहेतीस वर्षांची होती. हा आहार खरा फायदा देतो तो जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत सुरू केला तर. तिची वेळ केव्हाच निघून गेली होती.

वीस वर्षांची चुप्पी मोडली

नोबेल मिळालं तेव्हाही जगाला कॅरलबद्दल फारसं माहीत नव्हतं. पर्ल यांनी ते दुःख जपून, झाकून ठेवलं होतं. १९३५ मध्ये घटस्फोट घेऊन त्यांनी आपले प्रकाशक रिचर्ड वॉल्श यांच्याशी लग्न केलं, आणखी मुलं दत्तक घेतली, आशियाई वंशाच्या मुलांना घर मिळावं म्हणून १९४९ मध्ये संस्था काढली. पण थोरल्या लेकीबद्दल त्या बोलत नव्हत्या.

१९५० मध्ये त्यांनी ती चुप्पी मोडली. आधी एका मासिकात आणि मग छोट्या पुस्तकाच्या रूपात कॅरलची गोष्ट आली. नाव होतं ‘द चाइल्ड हू नेव्हर ग्रू’, म्हणजे कधीच न वाढलेलं मूल. त्या काळात असं मूल घरात असणं ही लपवायची गोष्ट होती. नोबेलविजेत्या बाईनं स्वतःच्या नावानं ती सांगितल्यावर असंख्य आईबापांना बळ मिळालं. पर्ल यांनी त्यांना सांगितलेलं साधं होतं. लाज बाळगू नका, मूल जसं आहे तसं स्वीकारा, आणि कारणं शोधणाऱ्यांना पैसा आणि पाठिंबा द्या.

पण पुस्तक लिहिलं तेव्हाही लेकीच्या आजाराचं नाव त्यांना माहीत नव्हतं. कॅरलला पीकेयू आहे हे निदान झालं ते १९६० च्या दशकात. ती चाळिशीत होती आणि पर्ल सत्तरीच्या आसपास.

आणि तेव्हाच दुसरं सत्य समोर आलं. हा आजार आनुवंशिक आहे. आई आणि वडील दोघांकडून बिघडलेल्या जनुकाची एकेक प्रत आली तरच मुलाला तो होतो. एकच प्रत असलेला माणूस पूर्ण निरोगी असतो, त्याला आयुष्यभर पत्ता लागत नाही. असे दोघं एकत्र आले तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता असते. म्हणजे दोष आईच्या खाण्याचा नव्हता, बाळंतपणाचा नव्हता, कुणाच्या पापाचा तर नव्हताच. चार दशकं उराशी बाळगलेल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं.

टाचेतल्या रक्ताचा एक थेंब

त्याच काळात अमेरिकेत रॉबर्ट गथ्री या शास्त्रज्ञानं पुढचा दरवाजा उघडला. त्यांच्या स्वतःच्या मुलाला बौद्धिक अपंगत्व होतं आणि मेहुणीच्या मुलीला पीकेयू. नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन टिपकागदावर वाळवायचे आणि त्यावरून पीकेयू ओळखायचा, ही स्वस्त तपासणी त्यांनी शोधली. १९६३ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध झाली आणि मग देशोदेशी ती सुरू झाली. तिथं पीकेयूची बाळं आता पहिल्या काही दिवसांतच सापडतात, आहार सुरू होतो आणि ती शाळेत जातात, नोकरी करतात, संसार करतात.

पर्ल बक ६ मार्च १९७३ रोजी वारल्या. त्यांच्या डोळ्यांसमोर हा बदल घडला, लेकीच्या वाट्याला मात्र आला नाही. कॅरल व्हाइनलँडमध्येच राहिली. तिला संगीत आवडायचं. १९९२ मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी ती गेली.

हेच बाळ आज कोल्हापुरात जन्मलं तर?

हिशोब करून बघा. म्हशीच्या दुधाच्या २०० मिलिलिटरच्या पेल्यात साधारण ८ ग्रॅम प्रथिन असतं. एक ग्रॅम प्रथिनात सुमारे ५० मिलिग्रॅम फिनाइलॲलनिन धरतात. म्हणजे एका पेल्यात ४०० मिलिग्रॅम. तीव्र पीकेयू असलेल्या अनेक मुलांना दिवसभरात मिळून २५० ते ५०० मिलिग्रॅमच झेपतं. एक पेला दूध आणि दिवसाचा कोटा जवळपास संपला.

मटण, अंडी, डाळ, मटकीची मिसळ, शेंगदाण्याची चटणी ही तर प्रथिनाची खाणच. भाकरी, चपाती आणि भातातही प्रथिन असतं, म्हणून तेही मोजूनच. साबुदाण्यात प्रथिन नावालाच असतं, पण खिचडीतलं शेंगदाण्याचं कूट हिशोब बिघडवतं. ॲस्पार्टेम घातलेली शुगर-फ्री पेयंही चालत नाहीत, कारण त्यातून फिनाइलॲलनिनच मिळतं.

मग मूल वाढणार कशावर? इथं बिकेल यांचाच धडा कामाला येतो. फिनाइलॲलनिन काढून बाकी सगळी अमिनो आम्लं, जीवनसत्त्वं आणि खनिजं घातलेली खास पावडर मिळते. ती दिवसातून तीन-चार वेळा विभागून घ्यायची. वास आणि चव फारशी बरी नसते, पण मुलाचं हाड-मांस त्यावरच घडतं. तान्ह्या बाळाला आईचं दूध पूर्ण तोडायचं नसतं, पावडरबरोबर ते मोजून देता येतं. उरलेली भूक फळं, बऱ्याच भाज्या, साबुदाणा, तूप, तेल, साखर यांवर भागवायची. पोट अर्धवट ठेवून चालत नाही. ऊर्जा कमी पडली किंवा ताप आला, की शरीर स्वतःचे स्नायू मोडतं आणि रक्तातलं प्रमाण चढतं.

म्हणून अशा मुलांचं रक्त नियमित तपासतात आणि वजन, उंची, डोक्याचा घेर तक्त्यावर मांडतात. लोह, जस्त, बी-१२, ड जीवनसत्त्व यांच्याकडे लक्ष ठेवतात. पूर्वी पाच-सहा वर्षांनंतर आहार सोडला तरी चालेल असं मानत. आता तो आयुष्यभर पाळायला सांगतात. पीकेयू असलेल्या मुलीनं तर गरोदर राहण्याआधीपासूनच तो काटेकोर पाळावा लागतो, नाहीतर पोटातल्या बाळाच्या मेंदूला आणि हृदयाला धोका असतो.

असे आनुवंशिक चयापचयाचे आजार आणखीही आहेत आणि प्रत्येकाचा आहार वेगळा. गॅलेक्टोसीमियामध्ये तर आईचं दूधसुद्धा बंद करावं लागतं. त्यामुळे इंटरनेटवर वाचून स्वतःच दूध-डाळ तोडणं सगळ्यात घातक.

आपल्याकडे दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, दक्षिण महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत जुनी आहे. नात्यात लग्न झालं की दोघांकडे एकच बिघडलेलं जनुक असण्याची शक्यता वाढते. नात्याबाहेरच्या जोडप्यालाही हे होऊ शकतं, बक दांपत्य त्याचंच उदाहरण. पण घरात असं मूल आधी झालं असेल, किंवा तान्ही बाळं कारण न कळता दगावली असतील, तर पुढच्या गरोदरपणाआधी जनुकीय सल्ला घ्यायलाच हवा.

दुसरी, टाचेच्या रक्ताची तपासणी. गोवा सरकारनं २००८ मध्ये नवजात बाळांसाठी अशी तपासणी सुरू केली होती. देशभर मात्र ती अजून प्रत्येक बाळाची होत नाही. बऱ्याच ठिकाणी आईबापांनी स्वतः विचारावं लागतं. बाळ दोन-तीन दिवसांचं असताना बालरोगतज्ज्ञांना तेवढं विचारायचं. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात खास आहारावर चालणाऱ्या आजारांचा वेगळा गट आहे, पीकेयू त्यात आहे. या धोरणाखाली ठरावीक केंद्रांमधून ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. मुंबईचं केईएम हॉस्पिटल त्यातलंच एक.

पर्ल बक यांच्याकडे पैसा होता, नाव होतं, जगातले मोठे डॉक्टर होते. नव्हती ती फक्त ही माहिती. आज ती आहे, आणि तिची सुरुवात बाळाच्या टाचेतल्या रक्ताच्या थेंबापासून होते.